माणसांविषयी निर्णय घेणारे सॉफ्टवेअर जबाबदारीने कसे उभारावे

शिष्यवृत्तीचा अर्ज तपासणे, कर्जाची पात्रता ठरवणे, रेशनचे धान्य देण्यापूर्वी ओळख पटवणे, थकबाकीदारांची यादी काढणे, रुग्णाच्या उपचाराची मात्रा मोजणे ही कामे आज सर्रास सॉफ्टवेअरकडून करून घेतली जातात. ती सॉफ्टवेअर लिहिणारे सगळेच मोठ्या कंपन्यांत बसलेले नसतात. नगरपालिकेचे, पतसंस्थेचे किंवा महाविद्यालयाचे काम घेणाऱ्या सात-आठ जणांच्या संस्थेतही कोणाला काय मिळावे आणि कोणाला मिळू नये याचे नियम रोज कोडमध्ये उतरत असतात. हा लेख अशा संस्थांतल्या विकासकांसाठी, प्रकल्पप्रमुखांसाठी आणि त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आहे. कामाच्या कोणत्या टप्प्यावर काय तपासायचे, काय लिहून ठेवायचे आणि कुठे थांबायचे, ते त्यात क्रमाने सांगितले आहे.

पायऱ्यांकडे वळण्यापूर्वी एक प्रकरण नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढच्या बहुतेक सूचना त्यातून निघतात. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून आपल्या शाखांमध्ये ‘होरायझन’ नावाची हिशेबप्रणाली बसवली. ती आधी आयसीएल आणि नंतर फुजित्सू या कंपनीने पुरवली आणि सांभाळली. प्रणालीतल्या दोषांमुळे अनेक शाखांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. शाखा चालवणाऱ्या उपपोस्टमास्तरांवर करारानुसार ती तूट पदरचे पैसे घालून भरण्याची वेळ आली, आणि अनेकांवर चोरीचे व खोट्या हिशेबाचे खटले भरले गेले. ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींची घरे विकली गेली, काहींनी जीव दिला. इंग्लंडमध्ये संगणक नीट चालत होता हे फिर्यादी पक्षाने सिद्ध करावे अशी जी अट पूर्वी होती, ती १९९९ च्या एका कायद्याने काढून टाकली होती. त्यामुळे यंत्राचा आकडा खरा धरला जाई आणि तो खोटा असल्याचे दाखवण्याचा भार आरोपीवर पडे. दोषाचा पुरावा मात्र कंपनीच्या आणि पोस्ट ऑफिसच्या कपाटात होता. ॲलन बेट्स हे माजी उपपोस्टमास्तर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या दाव्यात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये प्रणालीतले दोष मान्य केले, एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली, आणि उरलेल्यांसाठी २०२४ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला.

दोष प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतात. होरायझनमधल्या दोषांपेक्षा मला भयंकर वाटते ती ही गोष्ट, की ज्या माणसावर त्या दोषाचा भार पडला त्याला ‘हा आकडा चुकीचा आहे’ असे म्हणायला जागाच ठेवलेली नव्हती. आपली प्रणाली किती वेगवान किंवा किती आधुनिक आहे, यापेक्षा तिची चूक कोणाच्या अंगावर पडते आणि त्या माणसाचे म्हणणे ऐकण्याची सोय तिच्यात आहे का, हे पाहणे म्हणजे नैतिक जबाबदारी पाहणे, असे मी मानतो. पुढील सगळ्या पायऱ्या याच कसोटीभोवती बांधल्या आहेत. उदाहरण म्हणून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका काल्पनिक शिष्यवृत्ती योजनेचे सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर ठेवू.

पायरी १ : चुकीची किंमत कोण मोजणार, ते आधी लिहा

कामाच्या पहिल्या आठवड्यात, एकही स्क्रीन आखण्यापूर्वी, एका कागदावर प्रणाली घेणार असलेले सगळे निर्णय लिहून काढावेत. ‘अर्ज पूर्ण आहे की नाही’, ‘उत्पन्न मर्यादेत आहे की नाही’, ‘हा अर्ज आधीच्या अर्जाची दुबार प्रत आहे का’, ‘बँक खाते याच विद्यार्थ्याचे आहे का’ असे हे छोटे छोटे निर्णय असतात, आणि त्यातला प्रत्येक निर्णय दोन प्रकारांनी चुकू शकतो: पात्र माणूस बाहेर राहतो, किंवा अपात्र माणूस आत येतो. दोन्ही चुकांपुढे तिची किंमत कोण मोजणार, किती दिवसांत ती कळणार आणि ती भरून निघू शकते का, हे लिहावे.

हा तक्ता भरू लागले की एक गोष्ट लगेच दिसते. अपात्राला पैसे गेले तर ते खात्याचे नुकसान असते, लेखापरीक्षणात सापडते आणि वसूलही होऊ शकते. पात्र विद्यार्थिनीचा अर्ज ‘दुबार’ ठरून बाद झाला तर तिचे शुल्क थकते, परीक्षेचा अर्ज अडतो, आणि हे खात्यातल्या कोणाच्याही अहवालात दिसत नाही. काम सांगणारा अधिकारी स्वाभाविकपणे पहिल्या चुकीबद्दलच बोलतो, कारण तिचा जाब त्याला विचारला जातो. दुसरी चूक बैठकीत मांडणे हे विकासकाचे काम आहे. तक्त्यात जिथे ‘भरून निघणार नाही’ असा शेरा येईल, तो निर्णय सॉफ्टवेअरने एकट्याने घेऊ नये, ही सरळ मर्यादा पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यावी.

पायरी २ : प्रत्येक नियमाचे मूळ शोधा

कोडमधला प्रत्येक नियम कुठून आला, हे त्याच्याशेजारी नोंदवावे. शासन निर्णय असेल तर त्याचा दिनांक आणि परिच्छेद, संस्थेचा ठराव असेल तर ठराव क्रमांक, आणि दोन्ही नसेल तर ‘विकासकाने ठरवले’ असे स्वच्छ शब्दांत लिहावे. हा तिसरा प्रकार अपेक्षेपेक्षा फार मोठा निघतो. वय कोणत्या तारखेला मोजायचे, उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा चालेल का, आई-वडील वेगळे राहत असतील तर कुटुंबाचे उत्पन्न कोणाचे धरायचे, हे मूळ आदेशात लिहिलेले नसते आणि स्क्रीन तर पूर्ण करायची असते, म्हणून कोणीतरी संध्याकाळी आपल्या अंदाजाने एक ओळ लिहून टाकतो. पुढे पाच वर्षे ती ओळ हजारो मुलांना लागू होते आणि तिला कोणाचीही मंजुरी नसते. अशा ओळींची यादी करून ती सक्षम अधिकाऱ्याकडे लेखी मान्यतेसाठी पाठवावी. उत्तर येईपर्यंत तो नियम अर्जदाराच्या बाजूने झुकता ठेवावा.

त्याचबरोबर, कोणता आकडा कशाच्या ऐवजी वापरला आहे हेही तपासावे. ऑस्ट्रेलियातल्या ‘रोबोडेट’ योजनेत कर खात्याकडचे वार्षिक उत्पन्न पंधरवड्यांत सारखे वाटून, त्या सरासरीवरून लोकांनी सरकारी भत्ता जास्त घेतल्याचे ठरवले गेले. हंगामी काम करणाऱ्याचे उत्पन्न सारखे येत नाही. सहा महिने कमावलेल्या आणि सहा महिने बेकार असलेल्या माणसाच्या नावावर सरासरीने खोटे कर्ज चढले, आणि ते खोटे असल्याचे वर्षांपूर्वीच्या पगारपावत्या शोधून त्यानेच दाखवायचे होते. या योजनेची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशन या सरकारी आयोगाचा अहवाल जुलै २०२३ मध्ये आला आणि त्याने तिच्यावर अत्यंत कठोर ताशेरे ओढले. आपल्याकडे ऊसतोड कामगाराचे, मच्छीमाराचे किंवा लग्नसराईत काम करणाऱ्या वाजंत्र्याचे उत्पन्न असेच येते. ‘मासिक उत्पन्न’ असा रकाना आखताना हा विचार करावा.

अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असाच दोष आणखी सूक्ष्म रूपात दिसला. रुग्णांना जादा देखभालीची गरज आहे का, हे ठरवणारी एक प्रणाली गरजेऐवजी मागचा वैद्यकीय खर्च मोजत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च झालेला असे, म्हणून प्रणालीच्या लेखी ते कमी आजारी ठरत. वर्ण हा रकाना तिच्यात नव्हताच. त्यामुळे ‘आम्ही जात किंवा धर्म विचारतच नाही’ एवढ्यावर समाधान मानता येत नाही. पिन कोड, शाळेचे माध्यम, आडनाव किंवा मोबाइलचा प्रकार या रकान्यांतून तीच माहिती मागल्या दाराने आत येते. नेदरलँड्समधल्या बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात तर राष्ट्रीयत्वाचा उपयोग जोखीम ठरवताना उघडपणे झाला होता. हजारो पालकांवर फसवणुकीचा ठपका आला आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला.

पायरी ३ : माहिती कमी गोळा करा

इथे फार बोलण्यासारखे नाही, पण अंमल क्वचितच होतो. पहिल्या पायरीतल्या कोणत्याही निर्णयाला जो रकाना लागत नाही तो अर्जातून काढून टाकावा. ‘पुढे उपयोगी पडेल’ हे कारण पुरेसे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे ठरवले, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. या कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध असावी लागते. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांपैकी एकीत वाचण्याचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे, म्हणजे मराठीतही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. शासकीय लाभ देताना संमतीविना माहिती वापरण्याची काही मुभा कायद्यात आहे. पण ती मुभा म्हणजे नको ती माहिती साठवण्याचा परवाना, असा अर्थ काढू नये. आधार कार्डाची छायाप्रत ‘फाइलला असू दे’ म्हणून सर्व्हरवर वर्षानुवर्षे ठेवण्याची सवय तर आजच बंद करावी.

पायरी ४ : नावे, अक्षरे आणि अंगठे

महाराष्ट्रात चालणाऱ्या प्रणालींत सर्वाधिक अन्याय कुठे होतो असे मला विचारले, तर मी नाव जुळवणाऱ्या ओळीकडे बोट दाखवीन. आधारवरचे नाव, बँकेतले नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे नाव आणि सात-बारावरचे वडिलांचे नाव ही चार नावे अक्षरशः सारखी असणारे कुटुंब विरळा. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत कोणी ‘डी-एन-वाय’ असे सुरू करतो, कोणी ‘जी-वाय’ असे. शाळेत आडनाव आधी लिहितात, बँकेत शेवटी. लग्नानंतर बाईचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलते, पण दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचेच राहते. यातल्या कोणत्याही फरकात फसवणूक नाही, तरी जुळणी शंभर टक्के नसेल तर अर्ज बाद करणारी एक ओळ हे सगळे अर्ज नाकारते.

नाव देवनागरीत घेतले म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांच्या प्रमाण पद्धतीत, एकाच स्वतंत्र संकेताने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि त्याखालचा टिंबासारखा नुक्ता असे दोन संकेत जोडून लिहिता येतो. तोच अर्धा र काही कळफलकांवर ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा ‘झिरो विड्थ जॉइनर’ असा टंकित होतो. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती तीन वेगळी नावे वाटतात. युनिकोडचे प्रमाणित नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकात आणण्याची क्रिया, केले तर पहिली दोन रूपे एक होतात, तिसरे होत नाही. आणि तो जॉइनर सरसकट पुसून टाकला तर अर्ध्या र चा रफार होऊन आडनावच बदलते. म्हणून तुलनेसाठी एक वेगळी किल्ली, म्हणजे नावाचे फक्त जुळणीसाठी वापरायचे रूप, तयार करावी, तीत ही तिन्ही रूपे मुद्दाम एका रूपात आणावीत, आणि माणसाने लिहिलेले मूळ नाव जसेच्या तसे स्वतंत्र ठेवावे. हे दीड-दोन दिवसांचे काम आहे. ते न केल्यामुळे ज्याला तालुक्याच्या ठिकाणी चार चकरा माराव्या लागतात, त्याचे दिवस आपण मोजलेले नसतात.

नियम असा ठेवावा: नाव जुळले नाही तर अर्जाची स्थिती ‘तपासणीसाठी’ व्हावी, ‘अपात्र’ कधीही होऊ नये. अंगठ्याच्या ठशालाही हेच लागू आहे. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर वीटभट्टीवर किंवा शेतात राबणाऱ्या माणसाच्या झिजलेल्या रेषा उमटत नाहीत, म्हाताऱ्या माणसांचे ठसे पुसट होतात आणि रेंज नसली की चांगला ठसाही फुकट जातो. यंत्राने ठसा ओळखला नाही, एवढ्यावरून समोरचा माणूस खोटा ठरत नाही. आधार कायद्याच्या कलम ७ मध्येही, ज्याला अजून आधार क्रमांक मिळालेला नाही त्याला ओळखीच्या अन्य साधनावर लाभ देण्याची तरतूद आहे. आपल्या प्रणालीत असा दुसरा रस्ता पहिल्या दिवसापासून असावा, तो दुकानदाराला किंवा ऑपरेटरला त्याच स्क्रीनवर दिसावा, आणि तो वापरल्याबद्दल ऑपरेटरला जाब द्यावा लागू नये. जाब द्यावा लागला की तो रस्ता कागदावरच राहतो.

पायरी ५ : सरासरीवर विसंबू नका, ऑपरेटरच्या शेजारी बसा

‘अचूकता ९५ टक्के’ हा आकडा अहवालात शोभतो, पण उरलेले पाच टक्के कोण आहेत हे तो सांगत नाही. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते, तर काळ्यासावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. एकूण सरासरीत ही दरी दिसत नव्हती. आपली चाचणीही अशीच गटागटाने करावी: मुली आणि मुलगे, शहरी आणि आदिवासी तालुके, मराठी माध्यम आणि उर्दू माध्यम, वडील हयात असलेले आणि नसलेले. एखाद्या गटाच्या नकारांचे प्रमाण इतरांपेक्षा ठळकपणे जास्त आले तर कारण सापडेपर्यंत प्रणाली सुरू करू नये.

चाचणी प्रत्यक्ष काम करणाऱ्या हातांनी व्हावी. सेतू केंद्रातला किंवा महाविद्यालयाच्या कार्यालयातला ऑपरेटर प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे सावकाश माहिती भरत नाही. त्याच्यासमोर रांग असते, तो टॅब दाबत पुढे सरकतो, चूक दिसली की मागे येऊन एकच अक्षर बदलतो. या साध्या सवयीने माणसे दगावल्याचे उदाहरण आहे, आणि ते पुढच्या पायरीत येते.

पायरी ६ : सॉफ्टवेअरच्या पलीकडे दुसरा अडसर ठेवा

थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या कंपनीने बनवले होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा दिल्याचे ज्ञात आहे आणि त्यातले काही दगावले. टेक्सासमधल्या टायलर इथे १९८६ मध्ये झालेल्या दोन घटनांमागचे कारण असे होते: अनुभवी ऑपरेटरने उपचाराचा प्रकार चुकीचा भरला, चटकन मागे जाऊन तो दुरुस्त केला, आणि हे सगळे यंत्र आपले चुंबक जागेवर आणत असलेल्या आठ सेकंदांच्या आत उरकले. पडद्यावर दुरुस्ती दिसली, यंत्राने मात्र ती पूर्णपणे घेतली नाही. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले. अशा संदेशांची ऑपरेटरला सवय झालेली होती, म्हणून एक कळ दाबून उपचार पुढे चालू झाला. तिथले वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर ऑपरेटरसोबत बसून तोच क्रम पुन्हा पुन्हा करत राहिले, तेव्हा कुठे दोष सापडला.

यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. थेरॅक-२० या आधीच्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्येही तोच दोष होता. पण त्या यंत्रात जादा मात्रा अडवणारे स्वतंत्र विद्युत-यांत्रिक अडसर होते, त्यामुळे फ्यूज उडे आणि रुग्ण वाचे. नव्या यंत्रात ते अडसर काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला गेला. तंत्रज्ञान पुढे गेले म्हणून जुनी सुरक्षितता निरुपयोगी ठरते, ही समजूत किती महागात पडते ते इथे दिसते.

आपल्या शिष्यवृत्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये या अडसराची जागा कोणी घ्यायची? प्रत्येक नकारावर माणसाची नजर हवी, पण ‘मंजूर’ बटण दाबत सुटणारा लिपिक म्हणजे नजर नव्हे. तपासणाऱ्याला मूळ कागद दिसला पाहिजे, यंत्राचा निष्कर्ष फिरवण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि दिवसाला इतकेच अर्ज त्याच्याकडे गेले पाहिजेत की तो ते खरोखर वाचू शकेल. महिन्याच्या शेवटी त्याने किती निष्कर्ष फिरवले ते पाहावे. एकही फिरवला नसेल तर यंत्र निर्दोष आहे असे समजण्याची घाई करू नये; बहुधा तपासणीच होत नसते. हस्तलिखित दाखले वाचणारे किंवा अर्जाचा सारांश काढणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन मध्ये बसवले असेल तर हा अडसर दुप्पट काळजीने उभारावा, कारण ते साधन १ आणि ९ यांच्यात घोटाळा करतानाही तितक्याच आत्मविश्वासाची भाषा वापरते.

पायरी ७ : नकाराचे पत्र आणि हरकतीची वाट

वेळ किंवा पैसा कमी असेल आणि या लेखातली एकच पायरी करणे शक्य असेल, तर ही करावी.

‘तुमचा अर्ज नामंजूर झाला आहे. कारण क्रमांक ०७.’ असा संदेश मिळालेली मुलगी काय करणार? तिला काय चुकले ते कळत नाही, कोणाला विचारायचे ते कळत नाही, आणि मुदत कधी संपते तेही कळत नाही. त्याऐवजी संदेश असा असावा: ‘तुमच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २,६०,००० रुपये नोंदले गेले आहे. योजनेची मर्यादा २,५०,००० रुपये आहे. हे उत्पन्न तुम्ही जोडलेल्या तहसीलदारांच्या दाखल्यावरून घेतले आहे. आकडा चुकीचा असेल तर तीस दिवसांच्या आत हरकत नोंदवा. हरकत या ॲपवर, महाविद्यालयाच्या कार्यालयात कागदावर किंवा पोस्टानेही देता येईल. हरकतीचा निकाल लागेपर्यंत तुमचा अर्ज बाद होणार नाही.’ यात पाच गोष्टी आल्या: नेमका आकडा, नियम, आकड्याचे मूळ, हरकतीची वाट आणि तोवर मिळणारे संरक्षण. असा संदेश देता येत नसेल, म्हणजेच प्रणालीला स्वतःच्या नकाराचे कारण सांगता येत नसेल, तर तिला नकार देण्याचा अधिकार देऊ नये.

हरकत आली की ती ज्या लिपिकाने अर्ज तपासला त्याच्याकडेच परत जाऊ नये. तिच्यावर किती दिवसांत उत्तर द्यायचे ते ठरलेले असावे आणि मुदत उलटली तर प्रकरण आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ ने अधिसूचित सेवांसाठी ठरावीक मुदत आणि त्यावरची अपिले ही रचना आधीच आखून दिली आहे. तिचाच साचा वापरता येईल. आणि सिद्ध करण्याचा भार नेहमी प्रणालीकडे असावा. विद्यार्थिनीने ‘हे चूक आहे’ एवढे म्हणणे पुरेसे, का बरोबर आहे ते नोंदींसह खात्याने दाखवावे.

होरायझनच्या काळात तक्रार करणाऱ्या अनेक उपपोस्टमास्तरांना ‘अशी अडचण फक्त तुम्हालाच येते’ असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात शेकडो शाखांत तेच घडत होते. हे वाक्य आपल्या मदतकेंद्रावरच्या कोणाच्याही तोंडून निघणार नाही अशी व्यवस्था करावी. त्यासाठी सगळ्या हरकती एकाच नोंदवहीत याव्यात, त्यांची कारणानुसार वर्गवारी व्हावी, आणि दर आठवड्याला एका विकासकाने त्या स्वतः वाचाव्यात. एकाच कारणाच्या तीन हरकती मान्य झाल्या की त्याच कारणाने नाकारलेले जुने सगळे अर्ज पुन्हा उघडावेत, त्यात ज्यांनी तक्रार केली नाही तेही आले. गप्प बसलेल्यांमध्ये बहुतेक वेळा ज्यांना तक्रार करणे परवडत नाही अशीच माणसे असतात.

पायरी ८ : कोणी काय बदलले, याची न पुसता येणारी नोंद

फुजित्सूचे कर्मचारी शाखेच्या हिशेबात दुरून हात घालू शकत होते, आणि ही गोष्ट बराच काळ नाकारली गेली. आपल्याकडे डेटाबेसमध्ये थेट शिरून ‘एवढी एक नोंद नीट करून दे’ असे फोनवर सांगण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती पूर्ण थांबत नसेल तर निदान अशा प्रत्येक बदलाची नोंद बदल करणाऱ्याच्या नावाने, आधीच्या आणि नंतरच्या मूल्यासह, त्याला स्वतःला पुसता येणार नाही अशा ठिकाणी व्हावी. अर्जदाराला आपल्या अर्जाचा हा इतिहास मागता यावा. नियमांच्या जुन्या आवृत्त्याही जपाव्यात, कारण दोन वर्षांपूर्वीचा नकार तेव्हाच्या कोडवर तपासावा लागतो.

पायरी ९ : नकार द्यायची वेळ आली तर

फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमध्ये प्रदूषण चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारे सॉफ्टवेअर होते. २०१५ मध्ये ते उघडकीस आले तेव्हा जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेत २०१७ मध्ये कंपनीच्या एका अभियंत्याला ४० महिन्यांची कैद झाली. ‘मला सांगितले ते मी केले’ एवढे म्हणून अशी जबाबदारी टळत नाही.

नोकरीत असलेल्या तरुण अभियंत्याला ‘नाही म्हणा’ एवढेच सांगणे अन्यायाचे होईल, कारण त्याच्यावर घर अवलंबून असते. म्हणून क्रम असा ठेवावा. आधी धोका तोंडी न सांगता ईमेलवर, साध्या भाषेत, कोणाचे काय नुकसान होईल ते दाखवून लिहावा. सोबत पर्याय द्यावा आणि त्याला किती दिवस लागतील तेही लिहावे, कारण अधिकाऱ्याला अनेकदा दुसरा रस्ता हवाच असतो. एकट्याने न बोलता संघातल्या आणखी दोघांना सोबत घ्यावे. असोसिएशन फॉर कंप्यूटिंग मशिनरी या संस्थेच्या २०१८ च्या आचारसंहितेचा आधार घेता येतो. सार्वजनिक हित हाच मुख्य विचार असावा असे ती स्पष्टपणे सांगते. एवढे करूनही लोकांची जाणीवपूर्वक फसवणूक करणारे काम पुढे आलेच, तर ते स्वतःच्या हाताने करू नये. बाकी मतभेदांत तडजोड होऊ शकते, या एका ठिकाणी नाही.

काम देणाऱ्या अधिकाऱ्यांना यात मोठी मदत करता येते. सर्वांत कमी दराच्या निविदेला काम मिळते आणि हरकतीची यंत्रणा निविदेत लिहिलेलीच नसते, मग तिच्यासाठी कोणी पैसे धरत नाही. गटवार चाचणी, कारणासह नकार, हरकतींची नोंदवही आणि बदलांचा इतिहास या चार गोष्टी निविदेच्या मूळ अटींत आणि बिलाच्या टप्प्यांत घालाव्यात, म्हणजे त्या केल्याशिवाय शेवटचा हप्ता निघणार नाही.

पायरी १० : प्रणाली बंद करताना

करार संपतो, नवा ठेकेदार येतो, आणि जुन्या प्रणालीचा डेटा कोणाच्या तरी लॅपटॉपवर, एखाद्या पेन ड्राइव्हवर किंवा विसरलेल्या क्लाउड खात्यात पडून राहतो. हस्तांतराच्या दिवशी सगळ्या प्रतींची यादी करून, कोणती सोपवली आणि कोणती पुसली याचा दोन्ही बाजूंच्या सह्यांचा कागद करावा. बॅकअपमधल्या प्रती या यादीतून हमखास सुटतात, त्या आठवणीने घ्याव्यात. मात्र ज्या अर्जांवरच्या हरकती अजून निकाली निघालेल्या नाहीत, त्यांच्या नोंदी, त्यांना लागू असलेली कोडची आवृत्ती आणि बदलांचा इतिहास पुसू नये. ते सगळे नव्या ठेकेदाराकडे प्रलंबित हरकतींच्या यादीसह सोपवावे, आणि आता आपले प्रकरण कोणाकडे आहे ते प्रत्येक हरकतदाराला लेखी कळवावे.